पाळी कशी आहे, एवढं विचारा

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना,



हे पत्र स्त्रीरोगतज्ज्ञांना लिहायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. पण मी ते मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. आमच्याकडे बाई स्त्रीरोगतज्ज्ञाची पायरी चढते ती दिवस राहिल्यावर, आणि धाकट्याच्या बाळंतपणानंतर बहुतेकींची ती पायरी सुटते. पुढे चाळिशी ओलांडल्यावर खांदा धरला, छातीत धडधडलं, जिभेची आग झाली, तर ती तुमच्याच दवाखान्यात येते. ती खांद्याबद्दल बोलते आणि तुम्ही खांदा तपासता. पाळीचा विषय तिच्या मनात नसतो आणि तुम्हीही तो काढत नाही. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत चाळीस ते पन्नास वयाच्या बायका बऱ्याच आहेत. त्यांच्या फायली मी पाहिल्या आहेत, कारण मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींना रिपोर्ट दाखवतो. एका फायलीत मानेचा एमआरआय, टू-डी एको, थायरॉइड, त्वचेच्या डॉक्टरांचं मलम, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं होतं. बहुतेक रिपोर्टांखाली नॉर्मल लिहिलेलं. खर्च झालेली रक्कम तिच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या घरात गेली होती, आणि त्या गठ्ठ्यातल्या एकाही कागदावर शेवटच्या पाळीची तारीख नव्हती. तिला तपासणारे सगळे आपापल्या कामात हुशार होते. पण तिला पूर्ण बघण्याचं काम त्यांच्यापैकी कुणाचंच नव्हतं. डॉक्टर, ते तुमचं होतं.

आधी वयाचं बोलते. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय एक्कावन्नच्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, पण शरीरातली उलथापालथ त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. म्हणजे आपल्याकडची बेचाळीस वर्षांची बाई या काळात असणं अगदी साधी गोष्ट आहे. या टप्प्यांचे आंतरराष्ट्रीय निकषही ठरलेले आहेत. एका पाळीचं अंतर आणि पुढच्या पाळीचं अंतर यांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की संक्रमण सुरू झालं. साठ किंवा जास्त दिवसांचा खंड पडू लागला की ते शेवटाकडे आलं. या काळात इस्ट्रोजेन शिस्तीत कमी होत नाही. ते मध्येच खूप चढतं आणि मध्येच कोसळतं. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला पाळी येत असतानाही त्रास सुरू होऊ शकतो. ‘अजून येतेय ना पाळी? मग हे ते नाही,’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की ते दवाखान्या-दवाखान्यांतून बोललं जातं याची मला खात्री आहे. कृपा करून ते बोलणं थांबवा.

त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ सालीच सांगितलं आहे की पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईत लक्षणं आणि पाळीतला बदल यांवरून निदान करावं, त्यासाठी एफएसएच तपासत बसू नये. हा आकडा या काळात एका महिन्यात एक असतो आणि पुढच्या महिन्यात दुसरा. एकदा तो नॉर्मल आला की बाईची तक्रार खोटी ठरते, याचं मला जास्त वाईट वाटतं. चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली, तर मात्र तपासण्या हव्यातच आणि लगेच हव्यात, कारण तिथे हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न येतो.

गरम वाफा आणि घाम तुम्हाला माहीत आहेत. मला बोलायचं आहे ते बाकीच्या लक्षणांबद्दल.

सगळ्यात आधी खांदा. हात मागे नेऊन हूक लावता येत नाही, वेणी घालता येत नाही, दोरीवर ओली चादर टाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. आखडलेला खांदा सर्वात जास्त दिसतो तो चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. मधुमेह आणि थायरॉइड असेल तर त्याची शक्यता वाढते, म्हणून साखर आणि थायरॉइड बघायलाच हवं. पण माझ्या ओळखीतल्या बायकांना मिळाला तो मानेचा पट्टा, महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या आणि त्या गोळ्यांनी पित्त खवळलं म्हणून पित्ताच्या गोळ्या. फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळेपर्यंत हात खांद्याच्या वर जायचा बंद झालेला होता. नुसता खांदाच नाही. सकाळी बोटं मिटत नाहीत, टाचा जमिनीला टेकवत नाहीत, गुडघे कुरकुरतात. सांधे, स्नायूबंध, हाडं या सगळ्यांवर इस्ट्रोजेनचा परिणाम असतो. व्हॉन्डा राइट या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली या सगळ्या तक्रारींना मिळून एक वैद्यकीय नाव सुचवलं. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, बोटांच्या सांध्यांना सूज असेल, तर संधिवाताच्या तपासण्या आधी करा. पण त्या चांगल्या आल्यावर ‘वय झालं, वजन कमी करा’ असं म्हणून तिला परत पाठवू नका. त्रेचाळीस हे काही म्हातारपण नव्हे.

मग धडधड. रात्री अडीच-तीनला जाग येते, छाती धडधडत असते, मान घामाने भिजलेली असते, आणि आता काही खरं नाही असं वाटतं. ईसीजी काढाच. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघाच. हृदयविकार बायकांत अनेकदा उशिरा ओळखला जातो, तेव्हा इथे घाई करून काहीही गृहीत धरू नका. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. सगळं चांगलं आल्यावर तिला ‘गॅस आहे’ किंवा ‘टेन्शन घेऊ नका’ यापलीकडे काही सांगितलं जात नाही. पाळी जायच्या काळात असं होतं, तुम्ही एकट्या नाही, अशी दोन वाक्यं तिला कुणी सांगितली, तर पुढच्या वेळी ती मध्यरात्री नवऱ्याला उठवून रिक्षा शोधायला लावणार नाही.

जिभेची आग हा त्रास तर तुम्हाला सांगायचीही बायकांना लाज वाटते, कारण तोंड बघितलं तर काहीच दिसत नाही. तिखट सोडलं, चहा सोडला, मिसरी नाही, तंबाखू नाही, तरी दुपारनंतर जीभ पोळल्यासारखी. बी-१२, लोह, साखर, बुरशीचा संसर्ग हे सगळं बघायला हवं. त्यातून काही निघालं नाही तर हे लक्षात असू द्या की हा विकार सर्वाधिक आढळतो तो रजोनिवृत्तीच्या आसपासच्या आणि नंतरच्या बायकांतच. पुरळ नसताना अंगभर खाज, कातडीवर मुंग्या चालल्याची भावना, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, कानात सतत सूं-सूं, पूर्वी महिन्यातून एकदा येणारी अर्धशिशी आठवड्यात दोनदा येणं, हेही याच काळात उपटतं. एकेक लक्षण घेऊन बाई एकेका डॉक्टरकडे जाते. सगळी लक्षणं ऐकणारे फक्त तुम्ही असता.

आता मनाबद्दल, आणि इथे मी थोडी थांबून बोलणार आहे. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, वीस वर्षांहून जास्त शिकवणाऱ्या, एकदा फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना ‘लसावि’ हा शब्द आठवेना. पुढे मुलांची नावं आठवेनात. त्यांच्या आईला उतारवयात विस्मरणाचा आजार होता, म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की आपलीही पाळी आली. कित्येक महिने त्यांनी घरात हे बोलून दाखवलं नाही, फक्त बँकेचे आणि घराचे कागद एका जागी लावून ठेवले. त्या काळात त्या रक्तदाबासाठी त्यांच्या डॉक्टरांकडे नियमित जात होत्या. शब्द न आठवणं, लक्ष न लागणं हे या संक्रमणकाळात खरोखर घडतं, आणि बहुतेकींचं ते पुढे निवळतं. दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी ही गोष्ट आहे आणि ती न सांगितल्यामुळे एका शहाण्या बाईने आपल्या शेवटाची तयारी केली. मला याचा राग आहे, डॉक्टर, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

तसंच संतापाचं आणि भीतीचं. जन्मात आवाज न चढवलेली बाई भाजी करपली म्हणून कढई आपटते आणि नंतर मोरीत जाऊन रडते. स्वयंपाकघरात नुसतं उभं असताना काळजात धस्स होतं. या वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो, आणि पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, ज्यांना नैराश्य येऊन गेलं त्यांना तो अधिक असतो. तिला ‘घर चांगलं, मुलं मार्गाला लागली, मग तुम्हाला कसलं टेन्शन?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाने ती गप्प होते. जीव नकोसा होतो का, हे सरळ आणि शांतपणे विचारा. आणि झोप येत नाही म्हटल्यावर अल्प्राझोलामची गोळी लिहून मोकळं होऊ नका. ती गोळी सुरू करणं सोपं आहे आणि सोडवणं कठीण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. झोपेसाठी आणि गरम वाफांसाठीही विचार-वर्तन उपचारपद्धतीचा उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

लघवीचा त्रास आमच्याकडे ‘उन्हाळी लागली’ या नावाखाली जातो. बाई धण्याचं पाणी पिते, सब्जा खाते, मग तुमच्याकडून अँटिबायोटिकचा कोर्स घेते, आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा येते. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तिथले उपकारक जिवाणू घटतात आणि संसर्ग वारंवार होतो. गरम वाफा पुढेमागे ओसरतात, हा त्रास मात्र उपचार केला नाही तर सहसा वाढतच जातो. त्यावर कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, ते त्याच जागी लावायचं असतं आणि रक्तात फारच थोडं उतरतं. वारंवार होणारे संसर्ग त्याने कमी होतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावं लागेल. याच कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं आणि त्यावरून घरात अबोला धरला जातो. पण हे ती सांगणार कशी? शेजारच्या खुर्चीवर नवरा किंवा सासूबाई बसलेल्या असतात आणि अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तेच देतात. त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगण्याचा अधिकार त्या खोलीत फक्त तुम्हाला आहे. तो वापरा.

यापुढचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. या काळात बीज दर महिन्याला सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि मग अंगावरून खूप जातं. गुठळ्या पडतात. तासाला पॅड बदलावा लागतो. बाई याचीही सवय करून घेते, कारण तिला वाटतं, जाताना असंच जात असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा शरीरातून दर महिन्याला एवढं रक्त जात असेल, तर धाप, चक्कर, धडधड, केस गळणं यांचं कारण दुसरीकडे शोधायला नको. आणि एवढं झाल्यावर सल्ला मिळतो तो ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल, नाहीतर कॅन्सर होईल’ असा.

बीड जिल्ह्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांसमोर आहे. तिथे तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्याची माहिती २०१९ साली विधिमंडळात देण्यात आली. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या, ज्यांना एक खाडा पडला की मुकादम दंड कापतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पण ज्यांच्या पिशव्या गेल्या त्या बायका आज कुठे आहेत? तुमच्या दवाखान्याच्या बाकावर आहेत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर त्यांची रजोनिवृत्ती एका दिवसात झाली. अंडाशयं ठेवली असतील तरी ती लवकर येऊ शकते. पस्तिशीतली बाई सांधे दुखतात, अंगाची आग होते म्हणून आली, तर पिशवी काढली आहे का, अंडाशयं ठेवली आहेत का, हे विचारा. तिला बहुधा माहीत नसेल. तिचं डिस्चार्ज कार्ड मागवून वाचा. ज्या बाईची पिशवी अजून आहे तिला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी सांगा की रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी असते, हार्मोनच्या गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं साधन असतं. सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासून मगच निर्णय घ्यायचा असतो. काही जणींना शस्त्रक्रिया खरोखर लागते. तिने ती समजून-उमजून करावी, भीतीपोटी नको.

हार्मोन उपचारांचं नाव काढलं की तुमच्यातले बरेच जण ‘कॅन्सर होतो’ म्हणून हात झटकतात. ही भीती आली २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, आणि त्या वेळच्या विशिष्ट गोळ्यांमुळे वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे आठ जादा रुग्ण आढळले. तो आकडा खोटा नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या, रात्ररात्र जागणाऱ्या बाईला तो जसाच्या तसा लावता येत नाही. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत, दुसरी अडचण नसेल आणि त्रास मोठा असेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, अशी आज जाणकार संस्थांची भूमिका आहे. जेल किंवा पॅचमध्ये रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे उपचार नकोत. तुम्हीच ते लिहून द्या असं मी म्हणत नाही. जाणत्या डॉक्टरकडे पाठवा आणि पाठवताना घाबरवू नका, एवढंच.

उलट बाजूही तुम्हाला सांगायलाच हवी. सगळंच या खात्यावर टाकलेलंही आम्हाला नको आहे. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी टाळू नका. वजन आपोआप उतरत असेल, स्तनात गाठ असेल, दम लागत असेल, तर ‘या वयात होतं’ हे उत्तर होऊ शकत नाही. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षं गर्भनिरोधक वापरावं लागतं, हे आमच्यातल्या फार थोड्या बायकांना कुणी सांगितलं आहे.

तुमच्याकडे गर्दी असते, हे मला दिसतं. मी मागते आहे त्याला फार वेळ लागणार नाही. केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी शेवटच्या पाळीची तारीख लिहा, मग बाई सर्दीसाठी आलेली का असेना. आमच्यातल्या पुष्कळ जणी कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांबरोबर पाळीच्या तारखांवरही खूण करतात. त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा, सहा महिन्यांचा हिशोब तुमच्यासमोर येईल. ‘चालायला जा’ यापुढे जाऊन वजन उचलण्याचे व्यायाम सांगा, कारण पाळी थांबण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडांची झीज सर्वात वेगाने होते आणि नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. पाण्याच्या दोन बाटल्यांनीही सुरुवात होते. उपास आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या बाईला डाळ, अंडं, दही, नाचणी खायला सांगा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि ती आपल्याकडे कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत पिकते. आणि शेवटी बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावून, तिची हरकत नसेल तर, त्यालाही हे सांगा. माझं ऐकत नाहीत ते तुमचं ऐकतात, असं कितीतरी बायका म्हणतात.

१८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. तुमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या बैठका होतात, त्यांतली एक या विषयाला द्या. स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञही बोलवा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर बोलवा, कारण वाड्या-वस्त्यांवर बाई आधी त्यांच्याकडे जाते. आशाताईंना पुढच्या रांगेत बसवा. बायका जमवण्याचं काम आमच्याकडे लागलं. आमच्या शाळेचं सभागृह रविवारी मोकळं असतं, मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. तुम्ही तारीख कळवा.

आपली नम्र,
तुमच्या दवाखान्यात येणारी एक शिक्षिका